आलेखावरची धाकटी पायरी

म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात, धान्याच्या वखारींमागच्या गल्लीत नागोजीरावांचं घर होतं. घर लहान, पण आतल्या भिंतीवर आडवी टांगलेली तलवार मोठी. आजोबा महाराजांच्या घोडदळात होते, वडील येसाजीरावही त्याच घोडदळात. स्वातंत्र्यानंतर संस्थान गेलं, घोडदळ मोडलं, आणि येसाजीराव घोड्यावरून उतरले ते पुन्हा कशावरच बसले नाहीत. मिशी तशीच पीळदार ठेवून बाजारापर्यंत पायी जायचे, पायी यायचे. मरण्याआधी एकुलत्या मुलाला त्यांनी सांगितलं होतं, की लगाम धरायचे दिवस गेले. आता हातात असं काही धर, की ते सांभाळायला छाती लागेल.

मुलानं हातात पारा धरला.

पाऱ्याची सवय व्हायला नागोजीरावांना फार वेळ लागला नाही. टेबलावर सांडला तर चिमटीत येत नाही, चिडून पकडायला गेलं तर शंभर ठिकाणी पळतो, आणि कागदाच्या घडीनं हळूच हाकारला तर गुरासारखा एका जागी गोळा होतो. नायट्रिक आम्लाच्या उंच नळीतून तो बारीक धारेनं पाडून धुवायचा, मऊ कातड्यातून पिळून गाळायचा. सोन्याची अंगठी दारातच काढून ठेवायची, नाहीतर ती पांढरी पडते. नागोजीरावांची लग्नातली अंगठी पहिल्याच वर्षी पांढरी पडली होती, आणि त्यावरून त्यांच्या आईनं, भागीरथीबाईंनी, पुढची कित्येक वर्षं त्यांना ऐकवलं होतं.

कॉलेजातली ती खोली दिवसाही अंधारी असायची. खिडक्यांना काळे पडदे. कोपऱ्यात उंच लोखंडी दांड्यावर पाऱ्याचं भांडं, त्यातून खाली उतरलेली रबरी नळी, आणि तिच्या टोकाला केसाएवढ्या भोकाची काचेची नळी. त्या भोकातून पाऱ्याचा एकेक थेंब फुगायचा, लोंबायचा आणि तुटून पडायचा. भिंतीशी एक काचेची पट्टी होती, तिच्यावर विजेचा प्रवाह दाखवणारा प्रकाशाचा ठिपका. थेंब फुगला की ठिपका पुढे सरकायचा, थेंब पडला की मागे यायचा. श्वास घेतल्यासारखा.

काम ऐकायला सोपं होतं. अभ्यासाचा पदार्थ द्रावणात विरघळवायचा, त्या द्रावणात पाऱ्याचे थेंब सोडायचे आणि थेंबावरचा विजेचा दाब हळूहळू वाढवत न्यायचा. एका ठरावीक दाबाला तो पदार्थ थेंबाकडून इलेक्ट्रॉन उचलू लागतो आणि प्रवाह एकदम चढतो. कागदावर आलेख काढला की तिथे पायरी दिसते. एकच पायरी असली तर पदार्थानं सगळं ओझं एका दमात उचललं. दोन असल्या तर तो वाटेत कुठेतरी टेकला, मग पुन्हा उठला. कुठे टेकला आणि कोणत्या रूपात टेकला, हे शोधण्यात माणसांची आयुष्यं जात. पारा यासाठीच लागतो. प्रत्येक थेंब नवा, कोरा. आधीच्या थेंबावर काय घडलं ते त्याला ठाऊक नसतं.

विभागाचे प्रमुख चिदंबर सर. बारीक अंगाचे, सावकाश बोलणारे, निवृत्तीला आलेले. तरुणपणी त्यांनी एका परिषदेत सांगितलं होतं की अमुक एक पिवळं नायट्रो संयुग वाटेत टेकतं, एका दमात जात नाही. पण टेकल्याची पायरी कुणालाच दिसली नव्हती. लोक तोंडावर हसले नाहीत, पण चहाच्या वेळी हसले, आणि ते चिदंबर सरांच्या कानावर गेलं. तेव्हापासून ती पायरी त्यांच्या घशात अडकली होती. शेवटच्या वर्षांत त्यांनी ते काम नागोजीरावांकडे दिलं आणि नागोजीरावांच्या हाताखाली कमलाक्षी नावाची मुलगी दिली.

कमलाक्षी कानडी घरातली, शिक्षकाची मुलगी, डॉक्टरेटसाठी आलेली. कमी बोलायची. विभागाच्या काचसामानाची मागणी करायचं आणि ते तपासून घ्यायचं कामही त्या वर्षी तिच्याच गळ्यात पडलं होतं. नागोजीरावांनी तिला पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवली. "पदार्थ घालायच्या आधी नुसत्या द्रावणाचा आलेख काढायचा. दर वेळी. द्रावण कोरं आहे याची खात्री केल्याशिवाय पदार्थाबद्दल तोंड उघडायचं नाही."

"हौदु सर," तिनं होकार दिला, आणि ते शब्दाला शब्द पाळलं.

मग दसरा आला.

आयुधपूजेच्या दिवशी विभागात दाराला केळीचे खांब बांधले, यंत्रांच्या लाकडी पेट्यांना कुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या, पायरीवर कोहळा फोडला. चिदंबर सरांनी स्वतः आरती केली. यात कुणाला वावगं वाटत नसे. त्या गावात त्या दिवशी रिक्षापासून शिवणयंत्रापर्यंत सगळं पुजलं जातं. पण नागोजीरावांच्या घरात त्याच दिवसाला खंडेनवमी म्हणत, आणि कुंकवावर त्यांचं भागत नसे. त्यांच्याकडे शेंदूर लागायचा. तेलात मळलेला. तलवारीच्या म्यानाच्या तोंडाशी, जिथून पातं बाहेर येतं तिथे, आतल्या अंगाला बोट फिरवायचं. येसाजीराव तसं करत, त्यांचे वडील तसं करत.

सकाळी भागीरथीबाईंनी शेंदराची पितळी डबी मुलाच्या हातावर ठेवली. "घरातली तलवार मी बघते. ती आता नुसती भिंतीची शोभा. तू आज ज्यावर जेवतोस त्याला लाव. तोंडाशी लाव हं, नागू. कपाळाला लावायला तो काही नवरदेव नव्हे."

"आई, तिथे सगळे कुंकू लावतात."

"ते लावू देत की. ते काय घोड्यावरून आलेत?"

डबी खिशात घेऊन नागोजीराव गेले. दिवसभर ती मांडीला टोचत राहिली. विभागात सगळे शिकलेले लोक, नागोजीरावांना कानडी रीतीनं 'रायरे' म्हणणारे, कुंकवाचा टिळा हौसेनं लावणारे, पण शेंदूर पाहिला असता तर कुणीतरी नक्की म्हणालं असतं, रायरे, हे काय, मारुती बसवताय का इथे? नागोजीरावांना ते हसू आधीच ऐकू येत होतं. त्यांना लाज वाटली; आईची वाटली, वडलांच्या मिशीची वाटली, आणि अशी लाज वाटली याचीही वाटली. म्हणून सगळे बाहेर कोसंबरी खायला गेले तेव्हा त्यांनी डबी उघडली. केसाएवढ्या नळीला हात लावायचा नाही एवढं भान होतं. समोर द्रावणाची मोठी बाटली होती, दोन दिवसांपूर्वीच त्यांनी स्वतः भरलेली, अ‍ॅसेटिक आम्लाची. पुढच्या सगळ्या प्रयोगांचं द्रावण तीच पुरवणार होती. त्यांनी बूच उचललं, बाटलीच्या तोंडाच्या आतल्या अंगाला, कुणाला दिसणार नाही असं, शेंदराचं बोट फिरवलं आणि बूच बसवलं.

शेंदूर म्हणजे शिसं, हे ते दर वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर लिहून शिकवत असत.

सुट्टीनंतर त्यांनी पिवळा पदार्थ त्या द्रावणात घातला आणि आलेख काढला. मोठ्या पायरीच्या आधी एक धाकटी पायरी होती. बुटकी, पण सरळ, स्वच्छ. त्यांनी दुसरा काढला, तिसरा काढला. पायरी तिथेच. नुसत्या द्रावणाचा आलेख त्यांच्याकडे होता, दसऱ्याआधी काढलेला, सपाट. पुन्हा काढायचं त्यांना सुचलं नाही. सुचलं असेल तर त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

चिदंबर सर तो कागद हातात घेऊन खिडकीपाशी गेले आणि बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. वळले तेव्हा चष्मा हातात होता.

"नोडी रायरे, बघा," ते म्हणाले, "टेकतंय ते. मी म्हणत होतो ना, टेकतंय."

त्या दिवशी नागोजीराव घरी चालत गेले ते बापासारखी छाती काढून.

अडचण कमलाक्षीपासून सुरू झाली. तिला ती पायरी मिळेना. तिनं स्वतःचं द्रावण केलं होतं, स्वतःच्या बाटलीत, नियमाप्रमाणे. तिचा आलेख गुळगुळीत चढायचा, एका दमात. तिनं नळी बदलली, पारा पुन्हा धुतला, भांडी आम्लात बुडवून ठेवली. पायरी नाही. दिवाळी गेली, तरी नाही. शेवटी एका दुपारी ती नागोजीरावांच्या टेबलाशी आली.

"सर, तुमचा नुसत्या द्रावणाचा आलेख कधीचा?"

प्रश्न साधा होता. खोलीत आणखी दोघं अध्यापक बसले होते, त्यांनी माना वर केल्या.

"का?"

"दसऱ्याआधीचा दिसतोय म्हणून विचारलं."

"ते कुणी शिकवलं तुला, नुसत्या द्रावणाचं?"

"तुम्ही, सर."

"मग मला शिकवू नकोस," नागोजीराव म्हणाले. आवाज चढला होता, आणि चढलेला आवाज खाली आणायचं त्यांच्या घरात कुणाला जमत नसे. "हात जड आहे तुझा. पाऱ्याला जड हात चालत नाही. जा, भांडी पुन्हा धू."

ती गेली आणि तिनं भांडी पुन्हा धुतली. नळाचा आवाज संध्याकाळपर्यंत येत होता.

गोष्ट चिदंबर सरांपर्यंत पोचली. ते रागावले नाहीत, पण त्यांनी ठरवलं. शनिवारी विभागाची सभा असायची. त्या सभेपर्यंत कमलाक्षीला पायरी मिळाली तर ठीक. नाही तर विषय दुसऱ्याला द्यायचा. मुलींच्या शाळेत नोकरीसाठी चिठ्ठी द्यायला ते तयार होते. "वाईट मुलगी नाही," ते म्हणाले, "पण सगळ्यांचा हात यासाठी नसतो."

"नसतो," नागोजीराव म्हणाले.

सभेच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतः शेवटचे आलेख काढायला घेतले. मोठी बाटली तळाला आली होती. उरलेलं काढायला ती तिरकी केली, तेव्हा बाटलीच्या तोंडाच्या आतून खाली गेलेला एक ओघळ त्यांना दिसला. तपकिरी, तेलकट. शेंदराला आम्ल लागलं की त्यातलं काही विरघळून जातं आणि मागे असाच तपकिरी डाग उरतो. जे विरघळून जातं ते शिसं.

हातातली बाटली त्यांनी टेबलावर ठेवली. पडदे ओढले. पदार्थ न घालता, नुसतं तळचं द्रावण भांड्यात घेतलं आणि थेंब सुरू केला. दाब वाढवत नेला. ठिपका सपाट चालला, चालला, आणि ठरल्या जागी पुढे सरकला. पायरी होती. तीच, धाकटी, तिच्या जागेवर. पिवळा पदार्थ तिथे नव्हताच. त्यांनी शिशाच्या क्षाराचा एक कण टाकला. त्याच जागी ती उंच झाली. शंकेला जागा राहिली नाही.

कुणी वाटेत टेकलं नव्हतं. चिदंबर सर खिडकीपाशी उभे राहिले होते ते नागोजीरावांच्या बोटाच्या शेंदरासाठी. आणि कमलाक्षीचा हात जड नव्हता.

घरी आल्यावर त्यांना जेवण गेलं नाही. भागीरथीबाईंनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताट ओढून घेतलं. तेव्हा ते बोलले, आणि जे बोलले ते बोलायला नको होतं.

"तुझ्या शेंदरानं तोंड काळं केलं माझं. बाटलीत उतरला तो. सगळं काम गेलं."

भागीरथीबाईंनी विचारलं, "पुसला नाहीस?"

"काय?"

"दसऱ्याला बन्नीमंटपाला, शमीच्या पूजेला निघायच्या आधी तुझे अप्पा काय करायचे रे? म्यानाच्या तोंडाचा शेंदूर मऊ फडक्यानं पुसून घ्यायचे. ओला राहिला तर पात्याला चिकटतो. नवमीला लावायचा, दशमीला पुसायचा. लहानपणी फडकं तूच धरायचास. विसरलास?"

दशमीला कॉलेज बंद होतं. ते मुलांना घेऊन पलित्यांची कवायत बघायला गेले होते.

"रीत अर्धी केलीस," आई म्हणाली, "आणि नाव सगळ्या रीतीला ठेवतोस. साकु, पुरे झालं, जेव आता."

दुसऱ्या दिवशी सभेआधी ते चिदंबर सरांच्या खोलीत गेले. ठरवून गेले होते की सगळं सांगायचं. पण सरांनी हसून खुर्ची दाखवली, आणि ते हसू बघून त्यांनी अर्धंच सांगितलं.

"सर, ती पायरी पदार्थाची नाही. शिशाची आहे. मी तपासलं."

सरांच्या चेहऱ्यावरून काहीतरी हळूहळू उतरत गेलं, जसा दिवा कमी करावा.

"नक्की?"

"नक्की."

"शिसं कुठून आलं?"

इथे नागोजीरावांनी ते केलं ज्याची त्यांना पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली. "काचेतून आलं असेल," ते म्हणाले. "काही काचेत शिसं असतं."

सरांनी मान हलवली. त्या पायरीवर लिहिलेला, छापायला पाठवायचा निबंध त्यांनी खणातून काढला आणि घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

सभेत विभाग पुरा जमला होता. कमलाक्षी मागच्या बाकावर, तिचे गुळगुळीत आलेख मांडीवर. चिदंबर सर उभे राहिले. त्यांनी एका वाक्यात सांगितलं की पायरी खोटी होती, निबंध पाठवला जाणार नाही. मग ते म्हणाले, "रायरे म्हणतात, शिसं काचेतून उतरलं. मला कळायला हवं, अशी काच आपल्या भांडारात आली कशी? या वर्षी काच तपासून कोण घेत होतं?"

कुणी नाव घेतलं नाही. पण माना मागे वळल्या, एकेक करून. कमलाक्षी उभी राहिली, कारण विचारल्यावर उभं राहायची तिला सवय होती.

"मी, सर. पण ती काच..." ती थांबली. आपण काय चुकलो ते ती मनात शोधत होती, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आठवडेच्या आठवडे ती हेच करत आली होती.

नागोजीराव उठले. "काच नव्हे," ते म्हणाले. कुणी ऐकलं नाही असं वाटून पुन्हा म्हणाले, "काच नव्हे. शेंदूर होता. आयुधपूजेला मी बाटलीच्या तोंडाला आतून शेंदूर लावला. आमच्याकडे म्यानाला लावतात. मग पुसायचा राहिला."

मग पुढच्या बाकावरचा एक अध्यापक हसला, आवरायचा प्रयत्न करत, आणि त्याचं बघून दुसरा. "म्यानाला," कुणीतरी हळू आवाजात म्हटलं, "बाटलीला म्यान समजले रायरे." हसू बाकाबाकावरून मागे गेलं. चिदंबर सर हसले नाहीत. त्यांनी खाली बघितलं आणि कोटाच्या खिशावर हात ठेवला. नागोजीराव उभेच राहिले. हे हसू त्यांनी दसऱ्याच्या दिवशी मनात ऐकलं होतं, त्यालाच भिऊन बोट आत वळवलं होतं. तेव्हाच ऐकून घेतलं असतं तर संध्याकाळपर्यंत संपलं असतं.

कमलाक्षी हसली नाही. ती अजून उभी होती.

"सर, म्हणजे दसऱ्यानंतरचे आलेख सगळे बाद?"

"सगळे," नागोजीराव म्हणाले.

"तुमचे," ती म्हणाली. "माझे बाद नाहीत."

"नाहीत."

"मग मी माझे ठेवते," असं म्हणून ती बसली.

विषय तिच्याकडेच राहिला. मात्र सभेनंतर तिनं चिदंबर सरांना विनंती केली की यापुढे तिचं काम त्यांनी स्वतः बघावं. सरांनी होकार दिला. नागोजीरावांना हे शिपायाकडून कळलं. मेल्या पायरीचा निबंध चिदंबर सरांनी पुन्हा कधी काढला नाही. पुढच्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा भाषणातही त्याचा उल्लेख केला नाही, आणि नागोजीरावांशी त्यांचं वागणं कधी बदललं नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं. विभागात काही वर्षं नागोजीरावांना मागून 'म्यानराव' म्हणत. ते त्यांनी सोसलं, कारण ते त्यांचं होतं.

पण त्या शनिवारी दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर, ते अंधाऱ्या खोलीच्या दाराशी गेले. अंगठी काढून दारातल्या ताटलीत ठेवली. आत कमलाक्षी पट्टीसमोर बसली होती. नवं द्रावण, नवं भांडं. ठिपका हळूहळू पुढेमागे होत होता.

"कमलाक्षी," ते म्हणाले, "तुझ्या हाताबद्दल मी त्या दिवशी जे बोललो..."

"सर, थेंब चालू आहे," ती मान न वळवता म्हणाली. "वाचन संपेपर्यंत बोलता येणार नाही."

हे खरंच होतं. मध्ये बोललं तर आकडा चुकतो, हेही तिला त्यांनीच शिकवलं होतं. नागोजीराव काळ्या पडद्याशी उभे राहिले. कोपऱ्यात एक स्टूल रिकामं होतं. तिनं बसा म्हटलं नाही आणि त्यांनीही ते ओढून घेतलं नाही. ती दाब वाढवत होती, ठिपका बघत होती, लिहीत होती. तिचा हात हलका होता. इतक्या दिवसांत त्यांनी तो नीट बघितलाच नव्हता. वाचन लांबलचक होतं. ते तसेच उभे राहिले, तिचं संपायची वाट बघत.